राहीने दूध राखलं

राही आमच्या वाडीत सून होऊन आली तेव्हा चौदाची होती. सव्विसाव्या वर्षापर्यंत तिची पाच बाळंतपणं झाली. नवरा दादू मुंबईला गिरणीत. तो वर्षातून दोनदाच घरी यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. सगळ्याच घरचे बाप्ये तसेच यायचे, म्हणून वाडीतली निम्मी पोरं मार्गशीर्षातली आणि निम्मी ज्येष्ठातली.

पाचातल्या दोन मुली जगल्या. धाकट्या सगुणाच्या वेळी राहीचं रक्त तीन दिवस थांबेना. थांबलं तेव्हा काशी सुईण हात धुता धुता म्हणाली, "यापुढचं मूल तुला घेऊन जाईल गो. हिला पाजत राहा. दूध हाय तवर बहुतेक दिवस राहत नायत."

राहीने तेवढंच धरून ठेवलं. सगुणा साडेतीन वर्षांची झाली, चुरूचुरू बोलायला लागली, तरी खेळता खेळता येऊन पदराखाली शिरायची. पाणवठ्यावर बायका हसायच्या.

"राही, लग्नात पोरीला मांडवातच पाजशील काय?"

"पंगतीत भात कमी पडला तर पाजीन की," राही म्हणायची. स्वतः मात्र हसायची नाही.

त्या श्रावणात सासू गोदूबाईने मनावर घेतलं. "दादू येतोय गणपतीला. पोरीला अंगावरनं तोडायला हवी. घराला मुलगा नको?" तिने काडेकिराईत वाटलं आणि तो कडू लगदा आपल्या हाताने राहीच्या छातीला फासला. कुणी भिंत सारवावी आणि भिंतीने उभं राहावं, तशी राही उभी राहिली. मग विहिरीवर जाऊन तिने सगळं धुऊन टाकलं.

गोदूबाईला ते कळलंच. दुसऱ्या दिवशी तिने सगुणाला बैलगाडीत घालून लांज्याला आपल्या लेकीकडे धाडलं. पोर गाडीतून हसत हात हलवत होती. परत कधी आणणार, हे राहीने विचारलं नाही.

दूध आटू द्यायचं नव्हतं. राही सकाळ-संध्याकाळ गोठ्यामागे बसायची आणि दूध पिळून मातीत सोडायची. काम समजून करायची, भांडी घासावीत तसं. नवव्या दिवशी गोदूबाई शेण काढायला आली आणि तिने ते पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"दूध राखते, आत्याबाई."

"कशाला?"

राहीने मान वळवली नाही. "मला मूल नको. मरायचं नाय मला."

गोदूबाईने शेणाची पाटी खाली ठेवली. "मला अकरा झाली," ती म्हणाली. "नको म्हणता येतं, हे कुणी सांगितलंच नाय." आणि ती शेण गोळा करायला लागली. दादूला सांगते असं ती म्हणाली नाही, आणि सांगत नाही असंही म्हणाली नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी दादू शिडीवर चढून, गणपतीच्या जागेवर टांगलेल्या माटवीला कवंडळं बांधत होता. ती तांबडी फळं राही खालून एकेक देत होती.

"काशी म्हणते, आणखी मूल झालं तर मी जगणार नाय."

"आयेला बोललीस?"

"बोलले."

"काय म्हणाली?"

"शेण उचलायला लागल्या."

दादूने हातातलं फळ बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मग माटवीकडेच बघत म्हणाला, "मी पडवीत निजू काय? भजनवाले असतातच तिथं."

"निजा."

एवढंच. साडेतीन वर्षं मनात धरलेलं बोलणं एक फळ बांधेपर्यंत उरकलं. राहीला वाटलं होतं, रडू येईल. काही झालं नाही. तिने पुढचं कवंडळ वर दिलं.

विसर्जनानंतर सगुणा लांज्याहून आली ती सरळ आजीच्या कुशीत शिरली. राहीला वाईट वाटायला हवं होतं. ती तांदूळ निवडत बसली.

शिमग्याला दादूला पुन्हा सांगावं लागलं, पुढच्या गणपतीला पुन्हा. एकदा सांगून भागेल असा तो नव्हताच. दर खेपेला राही तेच शब्द बोलायची, भाकरी वाढू का विचारावं तशा आवाजात, आणि दर खेपेला तो नव्याने सुचल्यासारखं विचारायचा, पडवीत निजू काय. अशी सतरा वर्षं गेली. मधेच कधीतरी दूध आटलं. कधी, ते राहीला सांगता आलं नसतं.