भावोजी पास करत नाहीत

आमच्या भावोजींनी जन्मात एकही वस्तू तिच्या शब्दावर विश्वास ठेवून वापरलेली नाही. खुर्ची हलवून बघितल्याशिवाय ते बसणार नाहीत. नवी छत्री न्हाणीघरात उघडून तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतल्याशिवाय खुंटीला लागणार नाही. माझ्या ताईला बघायला आले तेव्हा आमच्या अण्णांनी मोठ्या अगत्याने झोपाळ्यावर बसा म्हटलं, तर हे गृहस्थ स्टुलावर चढून झोपाळ्याच्या कड्या तपासायला लागले. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताई मात्र पोह्यांच्या बशा भरता भरता मला म्हणाली, "हा माणूस मला पडू द्यायचा नाही रे." आणि नाहीच दिलं. पुढे ताई आजारपणात गेली, तेव्हा त्यांच्या हातात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सबंध नोकरी त्यांनी आगारात बसगाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली. आता पावसला एकटे असतात, आणि रविवारी मी रत्नागिरीहून स्कूटरने त्यांच्याकडे जातो. (स्कूटर फाटकाबाहेरच थांबवायची, आधी ब्रेक बघणार, मग चहा.) एकुलती एक लेक, म्हणजे माझी भाची, पुण्यात बिनड्रायव्हरच्या गाड्या तपासते. कॉम्प्युटरमध्ये खोटे रस्ते मांडायचे, खोटी माणसं, गुरं सोडायची आणि गाडी कुठे चुकते ते हुडकायचं. रक्त कुठे जाणार? गेले दोन शिमगे तिला घरी यायला जमलं नव्हतं. "तपासायच्या यादीतले सगळे प्रसंग संपले की रजा टाकते, बाबा," असं ती म्हणाली मात्र, आणि भावोजींनी कंबर कसली. लेक लवकर यावी म्हणून ते स्वतःच प्रसंग पुरवायला लागले. एकेका प्रसंगापायी तिचं काम आठ-आठ दिवसांनी वाढतं हे मी त्यांना सांगून बघितलं. म्हणाले, "मग काय, चुकणारी गाडी पास करू? चालते कुठे ते कोणीही सांगेल रे. अडते कुठे ते सांग."

रोज सकाळी ते वळणावरच्या दगडी गडग्यावर जाऊन बसत आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहीत. 'वळणावर म्हैस. हॉर्नला दाद देत नाही. उठेपर्यंत थांबणे. उठून पुन्हा बसल्यास पुन्हा थांबणे.' एकदा त्यांच्या मनात आलं की डोक्यावर गवताचा मोठा भारा घेतलेली बाई मागून बघितली तर नुसतं गवतच दिसतं. आता भर दुपारी बाई कुठून आणायची? माझ्या डोक्यावर भारा चढवला आणि मला डांबरी रस्त्याने चालायला लावून हे मागून मोबाईलवर चित्रण करत राहिले. समोरून आमच्या बँकेतले जुने साहेब सहकुटुंब गाडीतून गेले. त्यांनी ओळखलं की नाही, देव जाणे. मी भाऱ्याच्या आत होतो. आठ दिवसांनी भाचीचा फोन. "मामा, आमच्या गाडीच्या लेखी तुम्ही झुडूप आहात." भावोजी दिवसभर खुशीत होते.

शिमगा तोंडावर आला तेव्हा यादी खरोखरच संपली. मी समोरच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. "बाबा, आता काही राहिलं नाही ना? मग उद्या गाडी पास म्हणून सही करते आणि परवा निघते." दारी पालखी आली की देवीची ओटी पूर्वी ताई भरायची. ती गेल्यापासून शेजारच्या काकू भरतात. यंदा लेक भरणार म्हणून यांनी खण आणून ठेवला होता, नारळ तर कानाशी हलवून पाच नापास केले होते. मी मनात म्हणत होतो, आता गप्प बसा हो, एवढ्या वेळी गप्प बसा.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "आपली पालखी. नाचत पुढे येते, मग मागे हटते. परका ड्रायव्हर वाट मोकळी झाली समजून गाडी काढतो आणि तेवढ्यात पालखी पुन्हा पुढे. खालची माणसं नाचण्यात दंग असतात, त्यांचं लक्ष नसतं. तुझी गाडी काय करते?"

"बघते, बाबा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी कळलं, पालखी मागे हटल्याबरोबर गाडी निघाली होती. सही राहिली, रजाही राहिली.

पालखी आली त्या दिवशी ओटी काकूंनीच भरली. भावोजी रस्त्याच्या कडेला मोबाईल धरून उभे होते आणि पालखी किती पावलं मागे जाते ते मोजत होते. मला मनापासून राग आला होता. "गप्प बसला असतात तर पोरगी आज इथे असती," मी म्हटलं.

"असती," ते म्हणाले. "पण मग मला या नाचणाऱ्या पोरांकडे बघवलं नसतं रे." मोजणी चुकली म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डोळ्यांत पाणी होतं, दिसत नसणार.

त्यांच्या पडवीत एक झोपाळा आहे. भाची त्याच्यावर बसून अभ्यास करायची. आता कोणी बसत नाही. परवाच्या रविवारी मी जरा लवकर पोचलो, तर भावोजी स्टुलावर चढून त्याची कडी हलवून बघत होते. रोज सकाळी बघतात म्हणे. रिकाम्या झोपाळ्याची कडी कशाला तपासायची, असं मी विचारलं.

"अचानक आली म्हणजे?" ते म्हणाले, आणि दुसऱ्या कडीकडे वळले.