कोपऱ्यावरच्या सळया

घोडेगावातलं ते सळयांचं प्रकरण आठवलं की आजही हसू येतं.

एक दुकानदार तावातावाने आमच्या पोलीस ठाण्यात आला. आपल्याकडे पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया गच्चीवर उभ्या सोडतात. त्याच्या एकमजली घराच्या एका कोपऱ्यातल्या सळया कोणीतरी कापल्या होत्या. त्याच कोपऱ्यावर तीन मजले चढवून तो लॉज काढणार होता. खाली सगळं कुटुंब राहत होतं.

मी पंचनामा केला. काप ग्राइंडरचे होते आणि कापलेले तुकडे तिथेच रचून ठेवलेले. चोर असं करत नाही. शेजारच्या चहावाल्याने खबर दिली की बाजाराच्या दिवशी भर दुपारी जुन्नरचा वेल्डर गच्चीवर होता. त्याला बोलावलं.

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मला आत टाका साहेब, पण नाव नाय घेणार. शब्द दिलाय."

तेवढ्यात दुकानदाराची बायको त्याच वेल्डरसाठी जेवणाचा डबा घेऊन आली. "त्याला सोडा. मीच कापायला लावल्या."

दुकानदार ताडकन उठला. "तू? कशापायी?"

"लेक पुण्याला इंजिनिअरिंग शिकती. ती म्हणली, एकच कोपरा उंच केला तर भूकंपात उंच अंग येगळं हलतं, बुटकं येगळं. जोडावर तडा जातो, घर पिरगळतं. ह्यांना लई सांगितलं."

"भूकंप काय निरोप धाडून येणार हाय का?" दुकानदार उसळला.

"धाडत न्हाई, म्हणून तर आधीच कापल्या!"

तिने पोळ्यांचा पसरट डबा टेबलावर ठेवला, त्याच्या एका कडेवर जेवणाच्या डब्याची तीन पुडं रचली आणि टेबल हलवलं. खालचा डबा जागेवर राहिला. वरची पुडं डोलली, घसरली आणि आमटी थेट फिर्यादीच्या कागदावर सांडली.

"घ्या, झाला पंचनामा," ती म्हणाली. सगळ्यात आधी हसला तो तिचा नवराच. फिर्याद तिथेच मिटली.

पुढे इंजिनिअरने पाया तपासला आणि लॉजऐवजी सगळ्या घरावर एकसारखा एकच मजला चढला. सळया त्याच वेल्डरने इंजिनिअरच्या देखरेखीखाली जोडल्या. वास्तुशांतीला मी गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "साहेब, ह्या खेपेला आमटी ताटातच वाढते."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजातून शिकून आलेलं घरी सांगितलं की माझी आई, अक्षरओळख नसतानाही, ते खरं मानून वागायची. पंगतीत बसल्यावर तिची फार आठवण झाली. शिकलेल्या लेकराचं ऐकणारं माणूस घरात असावं लागतं. त्या घरात ते होतं, म्हणून मी छपराकडे न बघता पोटभर जेवलो.