अर्ध्यावर तुटलेला सामना: शेलूबाजार, धनज आणि राहून गेलेला एक जवाब

आमच्या पुण्याच्या ऑफिसात डब्याच्या वेळी एक विषय निघाला. जो बँड कधीच प्रत्यक्ष ऐकायला मिळाला नाही, त्याचं नाव प्रत्येकाने सांगायचं. एकाचा इंग्लंडचा बँड त्याला नोकरी लागायच्या आतच फुटला होता. दुसऱ्याने तिकीट काढलं आणि ऐन वेळी त्याला डेंग्यू झाला. सगळे हळहळले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, धनजच्या सुमनबाईंची गायन पार्टी, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. समोरचा सुहास म्हणाला, "म्हणजे वरातीतला बँड का?" सगळे हसले. इंग्लंडच्या बँडसाठी हळहळ आणि माझ्या बँडला हसू. मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतांचे सामने होत. मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर बसत. एक पार्टी गाण्यातून सवाल टाकायची, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि तोही तिथल्या तिथे जुळवून. बाबांनी सुमनबाईंचा असा एक सामना शेलूबाजारला मंचाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून भरून आणला होता. लहानपणी ती कॅसेट मी इतकी ऐकली, की मध्येच बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारतात तीसुद्धा मला गाण्याचाच भाग वाटायची. कॅसेटच्या शेवटी समोरचा शाहीर सुमनबाईंना सवाल टाकतो:

"चूल टाकून मंचावर आलीस तू बाई,
सांग तुझ्या घरी दिवा लावला कुणी?"

लोक शिट्ट्या मारतात, ढोलकी थांबते, सुमनबाई घसा साफ करतात, आणि खट्. कॅसेट संपली. बाबा ऐकण्यात इतके रंगले होते की बाजू पलटायचं विसरले. बाईने काय जवाब दिला, ते मला आजवर कळलेलं नव्हतं.

आता माझ्या रागाचं कारण सांगते. त्या सामन्याला माझा दादा होता. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण त्याला नेलं आणि मला ठेवलं. रात्रीचा कार्यक्रम, पोरीची जात, कुठे नेणार! मंचावर गाणारी बाई, गाणं पोरींच्या हातात पाटी द्या म्हणून, आणि ऐकायला गेले सगळे पोरगे. दादा अशा सामन्यांना एकदा नाही, चांगला पाच-सहा वेळा जाऊन आला. त्या रात्रीबद्दल विचारलं तर त्याला आलूबोंडा आठवतो. जवाब नाही, आलूबोंडा.

तर यंदा एप्रिलमध्ये दादाने व्हॉट्सअॅपवर एका पोस्टरचा फोटो पाठवला. शेलूबाजारला जयंतीचा कार्यक्रम, सायंकाळी पाच वाजता, आणि तळाच्या कोपऱ्यात ज्येष्ठ गायिका सुमनबाई. वर नेत्यांचे चेहरे परातीएवढे आणि बाईंचा फोटो बटणाएवढा. तरी मी त्याच दिवशी रजा टाकली.

पुण्याहून वाशिमला ट्रॅव्हल्स मिळतात, एरवी हजाराच्या आसपास. जयंती आणि लग्नसराई एकत्र आली की भाडं वाटेल तसं वाढतं, तेव्हा आधीच काढून ठेवा. मेहकरच्या पुढे उजाडतं. एसीच्या भरवशावर राहू नका, माझ्या गाडीत तो जालन्यालाच बंद पडला आणि कंडक्टर म्हणाला, खिडकी उघडी आहे न. वाशिमला दादा स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. आमचं गाव अनसिंग, तिथे बाबा असतात, पण आम्ही आधी मंगरूळपीरचा रस्ता धरला. परतताना अनसिंगला जायचं ठरलं.

रस्ता आता चांगला झालाय. दोन्ही बाजूंना सोयाबीन-तुरीची मोकळी झालेली रानं, मधूनच हळद वाळत घातलेली, आणि दहा वाजताच अंगाला चटका देणारं ऊन. दुपट्टा आणि पाणी सोबत हवंच. मंगरूळपीरला आलूबोंडा-रस्सा खाल्ला. दादा म्हणाला, त्या रात्रीचा याहून चांगला होता. मी त्याच्याशी पुढचे काही किलोमीटर बोलले नाही.

शेलूबाजार हे चौफुलीवरचं गाव. जीपा, बियाण्यांची दुकानं, रसवंत्या, समृद्धी महामार्ग जवळून गेल्यापासून ट्रकांची वर्दळही वाढली आहे. उसाचा रस घ्या, आलं घालून देतात. सामना झाला ते मैदान दादाने दाखवलं, तिथे आता दुकानांचे गाळे आहेत. कार्यक्रम पलीकडच्या मोकळ्या जागेत होता. मी साडेचारलाच बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत जाऊन बसले. माझ्या शेजारी धनजकडचीच एक बाई होती. ती म्हणाली, "कायले एवढ्या लवकर आल्या? सत्कार व्हाचे हायेत न अजून."

तिला माहीत होतं. आधी अध्यक्षांचा सत्कार. मग प्रमुख पाहुण्यांचा. मग ज्यांनी पाहुण्यांना आणलं त्यांचा. मग मंडपवाल्याचा. मग सत्कार करून थकलेल्या कार्यकर्त्यांचा त्यांच्याच मित्रांकडून. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि दोन शब्द, आणि दोन शब्द म्हणजे किती, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. सुमनबाई मंचाच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. पांढरी साडी, बारीक अंग, डोळ्याला जाड चष्मा. एवढ्या काळात त्यांना कुणी पाणी विचारलं नाही.

अंधार पडता पडता त्यांचं नाव पुकारलं. मी ताठ बसले. शाल घातली, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. सुमनबाईंनी माइक हातात घेतला आणि घसा साफ केला. अगदी कॅसेटमधल्यासारखा. आणि सूत्रसंचालकाने हसत हसत त्यांच्या हातातून माइक काढून घेतला आणि जाहीर केलं, की वेळेअभावी आपण आता थेट डीजेकडे वळू.

खट्. दुसऱ्यांदा.

मी उठून मंचाशी गेले. सूत्रसंचालक पोरसवदा होता, इस्त्रीच्या कुडत्यातला. मी म्हटलं, बाईंना गायला लावा, लोक त्यासाठी आलेत. तो अगदी अदबीने म्हणाला, "ताई, त्यायचा सत्कार झाला न."

म्हणजे गाणारीला शाल घातली की गाण्याचं कर्ज फिटलं. हे फक्त आपल्याकडेच होतं. आचाऱ्याला हार घालून जेवण न वाढता पंगत उठवाल का? मी त्याला हेच विचारलं, चांगल्या चढ्या आवाजात. पण तेवढ्यात डीजे सुरू झाला आणि माझं बोलणं माझ्याच कानांना ऐकू येईना. दादाने दंडाला धरून मला बाजूला घेतलं.

मंचामागे सुमनबाई जीपची वाट पाहत उभ्या होत्या. मी जयभीम घातला आणि कॅसेटचं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इथी काय बोलतं? उद्या घरी ये."

आम्ही कारंज्याला लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, दर माफक, पंखा मात्र आवाज करणारा. स्टँडजवळ भाकर, ठेचा आणि पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा मिळाला. पातोडी अजिबात चुकवू नका, पण रस्सा बेताने घ्या.

सकाळी ऊन चढायच्या आत धनज गाठलं. सुमनबाईंचं घर वस्तीच्या कडेला, समोर लिंबाचं झाड, अंगणात पाण्याचा निळा ड्रम. सुनेने चहा केला. कालची शाल घडी घालून बाजेवर ठेवलेली होती. मी कालबद्दल भडाभडा बोलले. त्या म्हणाल्या, "घरात पेटी भरून शाली हायेत. एप्रिलात पांघरू का मी? कोणी मनत नाई का, बाई, एक गानं मन." एवढंच काय ते त्या कडू बोलल्या, पण ते माझ्या सगळ्या आरडाओरड्याहून जास्त लागलं.

मग मी फोनवर कॅसेट लावली. सवाल सुरू झाला तशा त्या हसल्या. समोरचा शाहीर यवतमाळकडचा, भला माणूस, मंचावर भांडायचा आणि खाली उतरला की चहा पाजायचा, असं त्यांनी सांगितलं. खट् झालं. मी विचारलं, पुढे काय?

"मले काय मालूम?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. तसं नव्हतं. "सामन्याचा जवाब लिवून ठेवत नाई पोरी. त्या वक्ताले आला, त्या वक्ताले गेला. लोक हासले होते, एवढं याद हाये."

लोक हसले होते, एवढं तर आलूबोंड्यासोबत दादानेही सांगितलं होतं. मी एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी आले, ते हे ऐकायला? मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. बाबांचा, दादाचा, त्या इस्त्रीच्या कुडत्याचा, सगळ्यांचा. मी तोंडावर बोलून टाकलं, की मला नेलं असतं तर मी एक अक्षर विसरले नसते.

सुमनबाई सरळ होऊन बसल्या. "मंग टाक सवाल."

मी म्हटलं, मी?

"सवालाबिगर जवाब येत नाई. फोनले जवाब देऊ का मी? समोर मानूस लागते."

मी उभ्या आयुष्यात चारचौघांत गायलेले नाही. शाळेतही ओठ हलवायचे. कशीबशी पहिली ओळ म्हटली. सुमनबाईंनी हात वर केला. "एवढ्या आवाजानं तं कोंबडी बी उठत नाई." सून हसली. दादाने पाण्याचा ड्रम जवळ ओढला आणि त्यावर ठेका धरला. ठेका मात्र त्याला बरोबर आठवत होता, हे कबूल करायला हवं. मग मी पोटातून आवाज काढला. बाई, तू चूल टाकून मंचावर आलीस, सांग, घरी दिवा लावला कुणी? शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

सुमनबाईंनी घसा साफ केला. चष्मा काढून मांडीवर ठेवला. आणि गायल्या:

"काडीपेटी देऊन आले धन्याच्या हाती,
दिव्याला काय ठाऊक, लावला कुणी!"

कुंपणाशी उभ्या बायका आधी हसल्या आणि मग टाळ्या वाजवायला लागल्या. आवाज कॅसेटमधला राहिला नव्हता, वरच्या पट्टीत फाटत होता, पण शेवटचं 'कुणी' त्यांनी असं फेकलं की समोर यवतमाळचा शाहीर असता तर त्याने उठून हात जोडले असते. त्यांनी ते आणखी दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा मीही सोबत धरलं. दादाचे हात ड्रमवर, माझे टाळीत. रेकॉर्ड कुणीच केलं नाही. गाडीत बसल्यावर आठवलं.

संध्याकाळी अनसिंगला पोचलो. बाबा ओसरीवर बसले होते. मी अजून तापलेलीच होते, तशीच विचारलं, मला का नेलं नाही तेव्हा? बाबा म्हणाले, "रातचा कार्यक्रम होता. पोरीले कसं नेवाव?"

"गाणारी तर रातचीच आली होती ना, बाबा. तीही कुणाची पोरगीच होती."

बाबा पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग हळूच विचारलं, जवाब भेटला का? मी म्हणून दाखवला. त्यांचे डोळे चमकले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "हाच होता."

मी म्हटलं, नाही बाबा, हा त्यांनी आज सकाळी केला, जुना त्यांनाच आठवत नाही. "हाच होता. मी होतो न तिथी." आणि दादा, जो सकाळी माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होता, मान डोलवून म्हणाला, "हो, हाच होता." तिथे हजर असलेल्या दोन पुरुषांनी ठरवलं म्हटल्यावर मी कोण बोलणार? मी भाकरी थापायला आत गेले. मग लक्षात आलं आणि पुन्हा बाहेर आले आणि दादाला म्हटलं, आज तू थाप. त्याने थापल्या, नकाशासारख्या झाल्या, आणि आम्ही त्याच खाल्ल्या.

तुम्ही जाणार असाल तर जयंतीच्या महिन्यात जा, पोस्टरवरच्या वेळेवर विश्वास ठेवू नका, आणि मंचाच्या टोकाला कुणी म्हातारी गायिका शाल पांघरून बसवलेली दिसली तर ओरडून फर्माईश करा. मी सूत्रसंचालकाशी एकटी भांडले. माझ्या रांगेतल्या सगळ्या बायका माझ्यासोबत ओरडल्या असत्या तर डीजेची काय बिशाद होती? पण त्यांना मी हाक घातली नाही, याची चुटपुट आहे. त्या जुन्या रात्रीचा जवाब कायमचा गेला, त्याचा राग आहे आणि राहील. धनजच्या अंगणातला जवाब मात्र माझा आहे.

सोमवारी डब्याच्या वेळी सुहासने विचारलं, मिळाला का तुझा बँड? म्हटलं, मिळाला. रेकॉर्डिंग दाखव म्हणाला. नाही म्हटल्यावर सगळे हळहळले, या वेळी माझ्या बँडसाठी. मग तो म्हणाला, निदान म्हणून तरी दाखव.

मी सांगितलं, असा जवाब येत नसतो, आधी समोरच्याने सवाल टाकायचा असतो. कागदावर दोन ओळी लिहून त्याच्या हातात दिल्या. सुहास लाजत उभा राहिला, इकडे तिकडे पाहिलं आणि पुटपुटल्यासारखं म्हणाला, चूल टाकून मंचावर आलीस तू बाई.

मी हात वर केला आणि म्हटलं, एवढ्या आवाजाने तर कोंबडीसुद्धा उठत नाही.