नारळ न फोडणारा ड्रायव्हर

घाटातलं मोठं वळण आलं की तो मोटार कडेला घ्यायचा, ब्रेक ओढायचा, मागच्या चाकाखाली दगड लावायचा आणि दाराशी उभा राहून सगळ्यांना सांगायचा, "उतरा अन् पाहून घ्या. घाई कोनाले हाय?"

घाई सगळ्यांनाच असायची. मी तेव्हा चिखलदऱ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि अमरावतीहून वर जायला एका खासगी मालकाच्या सर्व्हिस मोटारीशिवाय सोय नव्हती. तुमच्यापैकी जे त्या काळी परतवाड्याहून वर गेले असतील, त्यांना तो जुना रस्ता आठवत असेल. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, दूर गाविलगडाची तटबंदी. हा गडी ते सगळं दाखवल्याशिवाय पुढे हलत नसे. व्यापारी कुरकुरत, "अरे बाप्पा, बाजार उठन ना!" तो शांतपणे बिडी पेटवायचा. "बाजार पुढच्या हप्त्यात बी भरन."

एकदा मी विचारलं, "भाऊ, रस्ता तर तुमचा नेहमीचाच. त्यात एवढं काय पाहता?"

"मास्तर, माहा आजा ह्याच रस्त्यानं गोऱ्या साहेबाले खुर्चीत बसवून खांद्यावर वर नेत जाय. साहेब दरी पाहे, आजा सोताचे पाय पाहे. त्याच्या वाटचं मी पाहून राह्यलो."

सांगताना रडगाणं नव्हतं. मिशीत हसत होता बेटा.

घाटाच्या पायथ्याशी एक शेंदूर फासलेला दगड होता. ड्रायव्हरने तिथे उतरून नारळ फोडायचा, चाकाला हळद-कुंकू लावायचं आणि मगच मोटार वर घालायची, असा रिवाज. तोही वर्षानुवर्षं पाळत आला होता. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परतला. पुढच्याच फेरीला दगडापाशी उतरून त्याने इंजिनात पाणी ओतलं, चाकांना लाथा घालून पाहिल्या आणि नारळ प्रवाशांच्या हाती दिला. "ज्याले फोडाचा त्यानं फोडा. ब्रेक देवाच्या हाती नाही, माह्या पायात हाय."

खोबरं मात्र आमच्याबरोबर बसून खाल्लं. "खोबऱ्याशी माहं काय भांडन?"

सुरुवातीला लोकांनी धसका घेतला. बायका डोळे मिटून पुटपुटत बसायच्या. पण मोटार सुखरूप वर पोचायची, आणि त्याचं वळणावळणावर थांबणंही सुटलं नाही. मला त्याची गंमत वाटे आणि, खरं सांगतो, अभिमानही वाटे.

मालकाच्या कानावर हे गेलंच. उन्हाळ्यात तो स्वतःच बायकामुलांना घेऊन हवा खायला निघाला. दगडापाशी मोटार थांबली, तसा त्याने नारळ ड्रायव्हरपुढे धरला.

"आज तूच फोडशीन. माहे लेकरं हायेत गाडीत."

"तुमी फोडा ना मालक, मी काय अडवून राह्यलो? पन मी नाही फोडत."

"मंग किल्ली दे. उद्यापासून येऊ नको."

ड्रायव्हरच्या घरी खाणारी तोंडं बरीच आणि घाटात गाडी चालवण्याखेरीज दुसरा धंदा ठाऊक नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मालकालाही. म्हणून तर तो हात पुढे करून इतका निवांत उभा होता. ड्रायव्हरने त्या हातावर किल्ली ठेवली, सीटखालून भाकरीचं फडकं काढलं आणि चालू लागला. खाली परतवाड्याकडे नाही. वर, घाटात.

आता घाटात मोटार घालणार कोण? परतवाड्याहून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत मालक, त्याची लेकरं आणि आम्ही सगळे त्या दगडापाशी उन्हात शेकत बसलो. दुसरा आला, त्याने नारळ फोडला, आणि मोटार कुठे न थांबता वर निघाली.

मोठ्या वळणावर तो दिसला, तो शेवटचाच. कठड्यावर दरीकडे पाय सोडून बसला होता, मांडीवर भाकरी. भोंगा वाजला तरी त्याने मान वळवली नाही. मला राहवेना. खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "भाऊ, चढा गाडीत! तिकीट मी काढतो!"

मालकाने वळून माझ्याकडे डोळे वटारले. वटार म्हटलं.

"तुमी व्हा पुढं, मास्तर," तो तसाच दरीकडे पाहत म्हणाला. "गाडी त्याची हाय. रस्ता नाही."