तिसरा धडा

टोवा ग्लिक नाकावर माशी बसू देत नसे. अमेरिकेतल्या ब्राइटनच्या आमच्या सरकारी शाळेत ती हिब्रू शिकवायची आणि मी ऑफिसात मुलांच्या हजेरीचे कागद सांभाळायची. फ्रेंच, स्पॅनिश किंवा हिब्रू, यातली एक भाषा प्रत्येक पोराला घ्यावी लागे. हिब्रू घेणारी नेहमीच थोडी. तरी तिचा तोरा असा, की जणू अख्खी शाळा तिच्याच वर्गावर चालते. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तो वर्ग हाच तिचा संसार होता.

त्या वर्गावर एकदा बालंट आलं होतं. सणाच्या दिवशी तिनं मुलांकडून दिवा लावतानाचा आशीर्वाद म्हणवून घेतला. कोणा पालकानं तक्रार केली, की सरकारी शाळेत प्रार्थना कशी? मुख्याध्यापकांनी तिला बोलावून सांगितलं, "भाषा शिकवा, देव नको. पुन्हा असं झालं तर वर्ग बंद." टोवानं कानाला खडा लावला. तेव्हापासून तिच्या वर्गात बस, भाजी आणि हवामान. देवाचं नावही नाही.

ऐंशी सालच्या जानेवारीत रिम्मा तिच्या वर्गात आली. सोव्हिएत मुलखातल्या खारकोव्हहून आलेलं कुटुंब, मुलगी बारा वर्षांची, एकुलती एक. महिनाभरात तिसऱ्या धड्यापर्यंत पोचली. एक दिवस मधल्या सुट्टीत मी हजेरी घ्यायला वर्गात गेले, तर ती टोवाच्या टेबलाशी उभी.

"मोरा," ती म्हणाली. हिब्रूच्या बाईंना पोरं मोराच म्हणत. "मला कद्दिश शिकवाल?"

बापाच्या मागे लेकरानं म्हणायची ती प्रार्थना. टोवानं चष्मा काढला. "कशाला गं?"

"बाबा हॉस्पिटलात आहेत. डॉक्टर म्हणाले, थोडेच दिवस. बाबा म्हणतात, त्यांच्या वडिलांसाठी कोणी म्हटली नाही, तिकडे म्हणायची सोय नव्हती. माझ्यासाठी तू म्हण, म्हणतात. त्यांना सुरुवातीचे दोनच शब्द आठवतात."

टोवानं दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. मग तिनं आपला तो बाईंचा आवाज लावला. "हे बघ, रिम्मा. पहिली गोष्ट म्हणजे ती हिब्रू नाहीच, अरामी आहे. माझ्या विषयात बसत नाही. दुसरी गोष्ट, इथे प्रार्थना शिकवता येत नाही. कोपऱ्यावर सिनेगॉग आहे, तिथे विचार."

"आई तिथे जाऊ देत नाही. तिकडे असताना जो जायचा, त्याची नोकरी जायची."

"ही अमेरिका आहे. आईला सांग."

पोरगी मान हलवून गेली. टोवानं माझ्याकडे पाहिलं. "बरोबर केलं ना मी, पर्ल?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. दुधानं तोंड पोळलेल्या बाईनं ताक फुंकून प्यायलं, त्यात चूक ती काय? हे मी तेव्हा खरंच मानत होते. आज त्याची लाज वाटते.

तीन आठवड्यांनी रिम्माची आई, फायना, गैरहजेरीची चिठ्ठी घेऊन ऑफिसात आली. काळा रुमाल, हातात मधाचा केक, मागे रिम्मा. मी टोवाला बोलावून घेतलं. फायनानं तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? रब्बाय आला, घाईघाईत काहीतरी म्हणाला आणि दुसऱ्या मयतीला पळाला. पण लेवला, माझ्या नवऱ्याला, लेकीच्या तोंडून हवं होतं हो. मी म्हटलं, रिम्मा, तू शाळेत हिब्रू शिकतेस ना? म्हण. आणि बाई, ती म्हणाली! बर्फात उभी राहून, एकदाही न अडखळता. आम्ही सगळे रडलो. दर ओळीला आमेन म्हणालो."

"काय म्हणाली?" टोवानं विचारलं.

"मला कुठलं कळायला! शेवट तेवढा ध्यानात राहिला. आबा पो, आबा पो. असंच ना गं?"

मला हिब्रू फारसं येत नाही, पण तिसरा धडा भिंतीपलीकडून रोज ऐकलेला. बाबा खोलीत बसले आहेत. बाबा चहा पितात. बाबा कुठे आहेत? बाबा इथे आहेत, बाबा इथे आहेत.

रिम्मा जमिनीकडे बघत होती.

"फार जुनी प्रार्थना आहे," टोवा म्हणाली. "फार सुंदर."

फायना डोळे पुसत निघाली. दाराशी पोचल्यावर रिम्मा मागे वळली आणि तिनं हळूच विचारलं, "मोरा, उच्चार चुकले नसतील ना माझे?"

"एकही नाही, बाळा."

केक आम्ही कोणीच खाल्ला नाही. टोवानं त्या संध्याकाळी अख्खी कद्दिश रशियन अक्षरांत, ठळक, उच्चारांसकट लिहून काढून पाकिटात घातली. पण सोमवारी रिम्मा आली नाही. फायनाचा भाऊ त्यांना क्लीव्हलंडला घेऊन गेला होता. पाकीट पत्ता नसल्यामुळे माझ्याच खणात पडून राहिलं. दोन वर्षांनी पोरं कमी पडली म्हणून हिब्रूचा वर्ग बंद झाला. कोणाच्याही तक्रारीशिवाय. जो वाचवायला तिनं त्या पोरीला परत पाठवलं, तो वर्ग असा गेला. कद्दिश म्हणायला किती वेळ लागतो, ते मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. दोन मिनिटंही लागत नाहीत.

त्यानंतर दर फेब्रुवारीत टोवा सिनेगॉगात जाऊन उभी राही आणि कधीही न पाहिलेल्या लेवसाठी मोठ्यानं कद्दिश म्हणे. मी शेजारी आमेन म्हणायला असे. बाहेर आलो की मी तिची समजूत काढायची, "म्हटलीस ना तू? झालं की मग."

"त्याला माझ्या तोंडून नको होती, पर्ल," ती म्हणायची.