कंबरेत आत घेतलेला पट्टा

आमचे आतोबा संगीतशाळेतल्या पियानोंचे सूर जुळवतात. दृष्टी गेल्यापासून ते आत्याचा कोपर धरून कामावर जातात. वाटभर आत्याच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. "पायरी आली. खड्डा. सायकल. आता जरा हसा, समोरून तुमचे मुख्याध्यापक येताहेत."

पण आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि पंचाईत झाली. आतोबांना एकट्याने जाता आलं नाही तर काम सुटणार. मग हा माणूस घरातल्या मिक्सरचा सूर जुळवत बसेल, याची मला धास्ती. म्हणून मी त्यांना दिशा सांगणारा एक यंत्राचा पट्टा आणून दिला. कंबरेला बांधायचा आणि फोन खिशात ठेवायचा. सरळ जायचं असेल तर पोटावर थरथर होते, वळायचं असेल तर त्या बाजूच्या कुशीत.

"म्हणजे न बोलता वाट दाखवणारी बायको," आतोबा म्हणाले. आत्या तोवर पट्टा त्यांच्या कंबरेला लावून बघत होती.

पहिल्या दिवशी ते एकटे निघाले, आणि आम्ही दोघी मांजराच्या पावलांनी मागे. चौक झकास पार पडला. बेकरीपाशी उजवीकडे वळायचं होतं. पण जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस तसाच नाकासमोर चालत थेट केस कापायच्या दुकानात शिरला.

"बसा काका. केस की दाढी?"

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ढगळ होता गं तो पट्टा," ती कुजबुजली. "काल उजवीकडून जरा आत घेतला."

सगळं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. ढगळ काही तिला बघवतच नाही. उजव्या कुशीतली थरथर सरकून पोटावर आली होती. ती धावत सुटणार, तेवढ्यात मी तिचा दंड धरला. आता हाक मारली असती तर आतोबा पुन्हा कधी एकटे निघाले नसते.

आत आतोबांनी पट्टा चाचपला. शिवणीवर बोट थांबलं, शेजारी शेजारी आलेली दोन थरथरणारी यंत्रं हाताला लागली, आणि ते गालातल्या गालात हसले. "दाढी नको. बायकोची शिवण आडवी आली," असं म्हणून ते बाहेर पडले आणि बरोबर वळणाला लागले.

आत्याला पुढे चालवेना. तिला बाकावर बसवून मी त्यांच्या मागे गेले. थोड्या वेळाने शाळेच्या खिडकीतून पियानोचा एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागला. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळतच परत आले. "पोचले. कुणाचाही हात न धरता."

"सुटले बाई," आत्या म्हणाली. डोळे पुसून ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. मी हात पुढे केला, तसा तिचा सगळा भार माझ्यावर आला.

"लोकांना वाटायचं, मी त्यांना नेते," ती म्हणाली. "गुडघा दुखायला लागल्यापासून अर्धा भार मी त्यांच्यावरच टाकत होते. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही."