फेझमधली काचपट्टी

फेझच्या त्या घरात मी जे बोललो, ते बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण ख्राइस्टचर्चमध्ये पाच वर्षं काम केल्यावर गप्प बसणंही मला जमणारं नव्हतं.

भूकंपानंतर वर्षभराने, २०१२ मध्ये, मी न्यूझीलंडला आलो. शहर उभं करायला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवे होते. मी सेलूच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेला, गवंड्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. ज्या सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला घरी बसवून गणित शिकवलं, त्यांची आठवण मी अजूनही नव्या कामाच्या पहिल्या दिवशी काढतो. ख्राइस्टचर्चमध्ये माझं पहिलं काम म्हणजे घरोघरी जाऊन भेगा बघणं. माझ्याबरोबर साठीचे एक स्थानिक इंजिनिअर असायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "धोक्याची भिंत दिसली आणि तू बोलला नाहीस, तर तू इंजिनिअर नाहीस. मग तू सुट्टीवर असलास तरी." मी ते परीक्षेच्या उत्तरासारखं पाठ केलं.

२०१७ मध्ये आम्हाला इथले पासपोर्ट मिळाले. बायको म्हणाली, "दर सुट्टीत सेलू आणि पुणे. एकदा तरी जिथे आपलं कुणीच नाही अशा ठिकाणी जाऊ या." ती ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी या उपनगरात, आमच्या घराजवळच्या एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे, दिवसभर लोकांची दुखणी ऐकते, तिला कुणी ओळखत नसलेलं गाव हवं होतं. तिने फेझ निवडलं. भारतात जाता जाता दुबईहून कासाब्लांका, तिथून रेल्वेने फेझ, असे सहा दिवस ठरले.

जुन्या शहराच्या निळ्या दरवाजातून आत शिरलो आणि पहिल्याच वळणावर गाढवाला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की माझे दोन्ही हात दोन्हीकडच्या घरांना लागत. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा चौक पाहिला. कातडी कमावण्याचे हौद गच्चीवरून पाहताना नाकाशी धरायला दुकानदाराने पुदिन्याची काडी दिली. एका जुन्या मदरशात गिलाव्यावर कोरलेली अशी नक्षी होती, की बायको मान वर करून प्रत्येक कमानीखाली थांबत राहिली. सात वर्षांची लेक म्हणाली, "इट्स हीप्स ओल्ड, बाबा." तिला मराठी समजतं, उत्तर मात्र ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत देते, ज्यात 'हीप्स' म्हणजे खूप.

मी नक्षी पाहत होतोच, पण गल्ल्यांमधले टेकूही पाहत होतो. कितीतरी ठिकाणी समोरासमोरच्या दोन घरांच्या मध्ये आडवे लाकडी ओंडके बसवले होते, ही भिंत त्या भिंतीला धरून ठेवेल अशा बेताने. पर्यटक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढत. मी ओंडक्यांची टोकं, त्यांच्याखालचे दगड, पाचरी बघत पुढे जात होतो.

"बाबा, आर यू वर्किंग?" लेकीने विचारलं.

"नाही गं."

"काम नाही तर काय," बायको म्हणाली. "गेला अर्धा तास तू दारं सोडून फक्त भिंतीच बघतोयस."

आम्ही उतरलो होतो ते एक जुनं घर होतं. मधे अंगण, अंगणाला फरशीची नक्षी, भोवती पाहुण्यांच्या खोल्या. मालक पन्नाशीचे, नम्र, सकाळी स्वतः चहा ओतणारे. त्यांच्याकडे काम करणारा एक तरुण आम्हाला शहर दाखवायचा. तो त्याच गल्लीत वाढलेला होता आणि चांगलं इंग्रजी बोलायचा. मला तो 'इंजिनिअर' म्हणूनच हाक मारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "आमच्या मागच्या खोलीत एक आजी राहतात. जेलाबाची रेशमी बटणं करतात. मॅडमना बघायला आवडेल." जेलाबा म्हणजे तिथला पायघोळ अंगरखा. त्याला पुढे रेशमाची बारीक बटणं असतात, आणि ती बायका घरी बसून सुईने करतात.

आजी सत्तरीच्या पुढच्या असतील. खिडकीखाली बसून बोटभर सुईने बटण वळत होत्या. बायको आणि लेक त्यांच्याजवळ बसल्या. माझी नजर खिडकीच्या कोपऱ्यावर गेली. तिथून एक तिरकी भेग खाली जमिनीपर्यंत आली होती. वरच्या बाजूला तिच्यात माझं बोट जाईल एवढी रुंद. भिंतीला मधे थोडं पोट आलेलं. मालक दारात उभे होते.

मी तरुणाला म्हणालो, "ही भिंत धोक्याची आहे. इथे कुणी झोपू नये."

त्याने मालकांना ते अरबीत सांगितलं. मालकांनी पुन्हा सांगायला लावलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. मला वाटलं, काळजी वाटली म्हणून आभार मानताहेत. मला बरंही वाटलं.

सकाळी न्याहारीच्या वेळी ते कागद आणि पेन घेऊन आले. हसतमुख होते. भिंतीबद्दल फक्त दोन ओळी लिहा, म्हणाले, खाली नाव, पदवी, देश.

बायकोला काहीतरी खटकलं. मालक स्वयंपाकघरात गेल्यावर तिने तरुणाला विचारलं, "कागद कशासाठी?"

तो चमच्याशी चाळा करत म्हणाला, "मॅडम, मालकांना ती खोली पाहुण्यांसाठी हवी आहे. आजी तीस वर्षं भाड्याने राहतात. त्यांना असं काढता येत नाही. पण घर धोक्याचं आहे असं कुणी इंजिनिअर म्हणाला तर काढता येतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पोळीचा तुकडा तसाच खाली ठेवला.

मालक परत आल्यावर मी म्हणालो, की मी इथला नोंदणीकृत इंजिनिअर नाही, माझ्या सहीला इथे अर्थ नाही. शिवाय भेग जुनी आहे की अजून वाढते आहे, हे एका नजरेत सांगता येत नाही.

मालकांनी शांतपणे तरुणाकरवी विचारलं, "काल तर एका नजरेत सांगितलंत."

ते खरंच होतं.

मी आजींकडे गेलो. तोवर त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी चहा दिला, बसायला गादी सरकवली आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. तरुण हसला. "आजी म्हणतात, मी पण वाकलेय, माझ्यातही भेगा आहेत, मला अजून कुणी पाडायला आलं नाही."

"त्यांना सांग, मी पाडायला आलो नाही."

"त्या म्हणतात, मग काल कशाला बोललात?"

मी म्हणालो, भिंत खरंच पडली तर? आजींनी खांदे उडवले. भेग त्या राहायला आल्या तेव्हापासून आहे, त्यांचं म्हणणं. इथे उजेड आहे, गल्लीच्या तोंडाशी रेशीमवाला आहे, जिने चढायचे नाहीत. "लिहायचंच असेल तर भिंत उभी राहील असं लिहून द्या," त्या म्हणाल्या.

तेही मी लिहू शकत नव्हतो. एका बाजूला मालकांचा कागद, दुसऱ्या बाजूला आजींचा, आणि खरं काय ते मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मला अण्णांची रीत आठवली. माझे वडील भेगेवर काचेची पट्टी बसवायचे, दोन्ही टोकं चुन्यात पक्की करून. भिंत हलली तर काच तडकते, नाही तर तशीच राहते. कॉलेजात याच गोष्टीचं इंग्रजी नाव शिकलो आणि ख्राइस्टचर्चमध्ये प्लास्टिकच्या मापपट्ट्या वापरल्या, पण तत्त्व तेच. गल्लीत आरसेवाला होता, त्याच्याकडून बोटभर रुंदीची पट्टी कापून घेतली. नक्षीकाम करणाऱ्या कारागिराने मूठभर जिप्सम दिलं. भेगेच्या बरोबर मध्यावर, सगळ्यांना दिसेल अशी काच मी बसवली आणि तारीख लिहिली. मालक बघत होते, आजीही बघत होत्या. मी दोघांना सांगितलं, "काच शाबूत राहिली तर आजी राहतील. तडकली तर निघावं लागेल." दोघांनी मान डोलावली. तरुणाने दर शुक्रवारी फोटो पाठवायचं कबूल केलं.

खोलीबाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आता तू तिच्या घराला जामीन राहिलास."

हॉर्नबीला परतल्यावर फोटो येऊ लागले. तिथला शुक्रवार म्हणजे आमची शनिवारची सकाळ. लेकीला स्विमिंगला नेलं, तिचे टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, बॅगेत आहेत का पाहिलं, की मी तलावाच्या बाकावर बसून फोन उघडायचो. काच शाबूत. पुढच्या शनिवारी पुन्हा शाबूत. क्लोरीनच्या वासात मी तो फोटो मोठा करून बघायचो आणि मग दिवस चांगला जायचा. एका फोटोत कडेला आजींचा हात आला होता, सुईसकट. मी तो बायकोला दाखवला. "बघ, राहील ती," मी म्हणालो. ती म्हणाली, "अजून किती आठवडे धरायचे ते तरी ठरवलंस का?" मी सहा महिने म्हणालो.

सातव्या शनिवारी काच तुटलेली होती. मधोमध, भेगेच्या रेषेवर.

खाली तरुणाचा निरोप होता. "आजी विचारतात, काच भिंतीने तोडली की माणसाने?"

मी फोटो इतका मोठा केला की नुसते ठिपके दिसायला लागले. भिंत सरकून तडकलेली काच आणि बोटाने दाबून तोडलेली काच, दोन्ही अशाच दिसू शकतात. शेजारचं जिप्सम जरा उखडल्यासारखं वाटत होतं, पण ती सावलीही असेल. मी दुसऱ्या बाजूने, उजेडात, फोटो मागवला. आला तेव्हा काचेचे तुकडे कुणीतरी काढून टाकले होते. भिंत झाडून घेतली, तरुणाने लिहिलं. कुणी, ते लिहिलं नाही. तो मालकांकडे नोकरी करतो, हे मला माहीत होतं.

बायकोने विचारलं, "तुला काय वाटतं?"

"माहीत नाही."

"मग तसं लिही."

मी लिहिलं: काच कशाने तुटली ते मला सांगता येत नाही. पण शंका असताना आजींनी तिथे झोपू नये. या दोन वाक्यांना मला अख्खी सकाळ लागली. दोन्ही खरी होती. इथल्या कुठल्याही इंजिनिअरने हेच लिहिलं असतं. चार-पाच दिवसांनी तरुणाचं उत्तर आलं. मालकांनी दुसरं वाक्य अरबीत लिहून घेतलं आणि आजींना वाचून दाखवलं. पहिलं वाक्य वाचलं का, असं मी विचारलं. त्याने लिहिलं, "आजींना थोडक्यात सांगितलं."

त्या महिन्याच्या शेवटी आजी खोली सोडून गेल्या. फेझच्याच नव्या भागात त्यांची भाची राहते, चौथ्या मजल्यावर, तिच्याकडे.

एका रविवारी अण्णांशी फोनवर बोलताना मी हे सगळं सांगितलं. त्यांचे हात आता थरथरतात, पण भिंतीचं काही निघालं की ते सावरून बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकच काच लावली व्हय रं?"

"हो. का?"

"आरं, दोन लावायच्या आस्त्यात. एक समद्यांना दिसंल अशी. दुसरी वर, तुळईच्या आडोशाला, कुणाला न सांगता. दोन्ही तडकल्या तर भिंत. खालची एकलीच तडकली तर माणूस."

"तुम्ही मला हे कधी सांगितलं नाही, अण्णा."

"तू कधी इचारलं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणलं, कालेजात शिकवलं आसंल."

मला कॉलेजात ते शिकवलं नव्हतं. तिथे भिंत आणि तिच्यावरचा भार शिकवला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या माणसांचं काय, ते अण्णांना ठाऊक होतं. बारावीनंतर मी त्यांच्या कामावर गेलोच नाही. अभ्यास कर, थापी धरू नको, असं त्यांनीच बजावलं होतं, आणि त्या शब्दामुळेच मी इथवर आलो. ते ऋण मला मान्य आहे. तरीही त्या रविवारी मला प्रथमच वाटलं, की माझ्या सहीला किंमत आहे आणि त्यांच्या शब्दाला नाही, हे बरोबर नाही.

मी तरुणाला एवढंच विचारलं, की खोलीचं काय झालं. भिंतीला आतून प्लास्टर केलंय, त्याने लिहिलं, पिवळा रंग दिलाय, पुढच्या महिन्यात दोन खाटा येतील. मी मालकांसाठी इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. प्लास्टरने भिंत बळकट होत नाही, आधी टेकू द्या, तिथल्या नोंदणीकृत इंजिनिअरला बोलवा, तोवर कुणालाही तिथे झोपवू नका. या वेळी खाली नाव, पदवी आणि देश, सगळं लिहिलं. पत्र वाचल्याची निळी खूण फोनवर आली. उत्तर आलं नाही.

तरुण मात्र अधूनमधून लिहितो. गेल्या हिवाळ्यात त्याने लिहिलं, की आजी बाजारात भेटल्या होत्या. भाचीच्या घरी उजेड कमी, म्हणून बटणं निम्मीच होतात. जिने चढताना दोनदा बसावं लागतं.

"भेटल्या की एकच विचारतात," त्याने लिहिलं होतं. "पडली का? मी नाही म्हणतो. मग त्या पिशवी उचलून चालू लागतात. इंजिनिअर, पुढच्या वेळी त्यांना काय सांगू?"

मी दोन-तीनदा लिहायला बसलो. बायकोने एकदा मागून वाचलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. शेवटी मी लिहिलं, त्यांना सांग, काच एकच लावली ही माझी चूक होती, आणि काच भिंतीने तोडली की माणसाने, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत नव्हतं. हे मालकांना विचारून सांगू नकोस, आणि थोडक्यातही सांगू नकोस.